२१ किलोमीटर चालत पूर्ण करायचेत, पण वेग वाढवला की नडगी भरते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ५३, राहायला सहकारनगर. डिसेंबरात पुण्यातली अर्धमॅरेथॉन करायची आहे, पण चालत. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी धावायला मनाई केली आहे, चालायला हरकत नाही म्हणाले. १९८३ला पुण्याची मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. बाबांबरोबर रस्त्याच्या कडेला उभं राहून तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवायचो. एकदा तरी स्वतः त्या रस्त्यावरून जायचंय.

अंतराची भीती नाही. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड दोनदा चालले आहे, दिवे घाटासकट तीसेक किलोमीटर. पण तिथे अख्खा दिवस हाताशी असतो. चहा घ्या, झाडाखाली टेका, मागची मंडळी येईपर्यंत बसा. इथे घड्याळाशी गाठ आहे. २१.१ किलोमीटर साडेतीन तासांत संपवायचं ठरवलंय, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटं. मला सध्या साडेबारा लागतात. या हिशोबाने चार तास चोवीस मिनिटं होतात, तोवर रस्त्यावर पुन्हा गाड्या सुरू झाल्या असतील.

दोन महिन्यांपासून मंगळवार-गुरुवार तळजाईवर ५ किलोमीटर चालते आणि रविवारी लांबचं. सहापासून सुरुवात केली, आता अकरावर आले आहे.

खरी अडचण नडगीची. किलोमीटरला अकरा मिनिटांचा वेग धरला की पंधरा-वीस मिनिटांत नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू दगडासारखा होतो. बोटाने दाबलं तर खड्डासुद्धा पडत नाही, आणि चवडा वर उचलेनासा होऊन पाऊल फटकन आपटतं. पाच मिनिटं सावकाश चाललं की सुटतं. वेग वाढवायच्या नादात मी ढांगा लांब टाकत होते, बहुतेक तिथेच चुकलं. गेल्या आठवड्यापासून पावलं आखूड आणि भराभर टाकते, हात कोपरात वाकवून. थोडा फरक आहे, पण किलोमीटरभरच टिकतो. शर्यतीतल्या चालण्यासारखा, पाय टेकल्यापासून गुडघा सरळ ठेवूनही पाहिला. गुडघाच कुरकुरायला लागला, सोडून दिलं.

ज्यांनी चालत २१ केलंय त्यांनी कृपया सांगा: ही नडगी सरावाने तयार होते की त्यासाठी वेगळा व्यायाम करावा लागतो? वेगाचा सराव आठवड्यातून एकदाच करावा का? आणि आधी अंतर वाढवू की आधी वेग? दोन्ही एकदम वाढवायची हिंमत होत नाही.

बुटांबद्दलही विचारायचंय. उतारावर अंगठा पुढे घासून नख काळंनिळं झालंय. अर्धा नंबर मोठा घेतला तर टाच सैल पडते. जाड मोजे घालू की लेस वेगळ्या पद्धतीने बांधू?

येत्या रविवारी १२ किलोमीटर करणार आहे. पहाटे साडेपाचला सारसबागेच्या गेटपाशी असेन. सपाट रस्त्याने चालायला कुणी सोबत येणार असेल तर जरूर कळवा, वेग कोणताही चालेल.