२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे बाबांना कसं पटवू?

वरणफळ: कंपनीत एका मशीनचा काउंटर २१४७४८३६४७ वर अडकला. जेवताना मी सहज बोलून गेले, की ही मूळ संख्या आहे म्हणे. बाबा निवृत्त गणित शिक्षक. "म्हणे म्हणजे? कोण म्हणतं?" झालं! दोनशे पानी वही निघाली आणि ३, ७, ११, १३ करत भागाकार सुरू. कॅल्क्युलेटरला हात लावत नाहीत. चार दिवसांत १९९ पर्यंत पोचलेत, आणि जायचंय वर्गमूळापर्यंत, ते ४६,३४० च्या पुढे आहे! या वेगाने वर्षभर तरी आमच्या जेवणाच्या टेबलावर वहीच. काही सोपी वाट आहे का?

बिनकामाचा: काउंटर तिथे अडकतो कारण ३२ बिटांत (बिट म्हणजे संगणकातला ० किंवा १ चा अंक), एक बिट चिन्हाला दिला की, एवढंच मावतं: २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ निघाली हा योगायोग. १६ बिटांची ३२७६७ घ्या, ती सरळ ७ × ३१ × १५१.

शेषनाग: बाबांना सांगा, १९९ पर्यंतची सगळी मेहनत फुकट गेली. (हळूच सांगा.)

समजा प ही मूळ संख्या हिला भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १. ३१ स्वतः मूळ, म्हणून फर्माच्या प्रमेयाने (२ च्या प − १ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १) ३१ ने प − १ ला भाग जायलाच हवा. प विषम, म्हणजे ६२ नेही जातो. शिवाय ३२ वा घात बाकी २ देतो आणि तो १६ व्या घाताचा वर्ग आहे. असं असेल तर प ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी लावल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात. ६३, २४९ मूळ नाहीत. पहिली खरी उमेदवार थेट ३११!

गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हाच मार्ग धरून ती मूळ असल्याचं दाखवलं. तेव्हा तो रशियात सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. वर्गमूळापर्यंत ६३ सोडल्यास अशा ३७२ संख्या येतात, त्यातल्या बहुतेक मूळ नसल्यामुळे आपोआप गळतात.

वरणफळ: सांगितलं. पाच मिनिटं बोललेच नाहीत. मग १९९ खाली आडवी रेघ मारली, नवं पान. ३११ ने भागून बाकी ३५. मग मलाच दरडावलं, "४९७ का सोडलीस?" मी गप्प. "सात एकाहत्तर!" स्वतःच म्हणाले. १३०३ ला बाकी २२६ आली. पुढची?

शेषनाग: १४८९. बाकी मी सांगत नाही, त्यांना राग येईल.