मदत हवी आहे: लेव्हल ९ झाली तरी माझी येसा पहिल्या दिवसासारखीच दिसते

पोळीचा_लाडू
शनिवारी रात्री आमच्या रोल-प्लेइंग गेमचं सेशन आहे आणि माझ्याकडे अजून लेव्हल १ चंच चित्र आहे. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) बजावलंय, या वेळी नवीन चित्र नसेल तर टोकन, म्हणजे पटावरची माझी सोंगटी म्हणून बटाट्याचा फोटो लावीन. कॅरेक्टरचं नाव येसा, फायटर. आधी चेन मेल, म्हणजे कड्यांचं चिलखत होतं, आता प्लेट, म्हणजे पत्र्याचं. चारदा काढून बघितलं. दर वेळी तीच मुलगी नवं चिलखत घालून फॅन्सी ड्रेसला निघाल्यासारखी दिसते. मोठी झाल्यासारखी वाटतच नाही. काय बदलू? लवकर सांगा, रंगवायलाही वेळ लागतो.

अर्धा_एल्फ
गेम कुठला? डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) असेल तर २०१४ चे नियम की २०२४ चे? येसा माणूस की एल्फ? गेममध्ये काळ किती गेला? एल्फ शंभरीच्या आसपास सज्ञान होतात आणि साडेसातशे वर्षं जगू शकतात, त्यांच्यात लेव्हल १ ते ९ म्हणजे काल-परवाची गोष्ट. नुसतं 'फायटर' सांगून कोण काय सांगणार?

पोळीचा_लाडू
डी अँड डीच, अजून काय. २०१४. माणूस.

चिलखतवाला
घोळ प्लेटचा आहे. १५०० सोन्याची नाणी मोजलीत, एसी १६ चा १८ झाला, पण ती प्लेट अंगावर वापरलेली दिसते का? कडा घासलेल्या हव्यात. एखादा पट्टा तुटून दुसऱ्याच रंगाचा लावलेला. एका गुडघ्यावरचा पत्रा भलत्याच संचातला. आणि जुनं चेन मेल टाकू नका. काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे पत्रा वाकत नाही तिथे खरोखरच कड्यांचे तुकडे लावायचे. तिथे तिच्याच जुन्या कड्या दाखवा.

नाट्यवेडे_काका
भूमिका वाढत जाते तसा मेकअप बदलायचा, ही अडचण आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकात दर वर्षी येते. केसांना पावडर लावू नका, पहिल्याच प्रवेशात घामाने ओघळते. आणि पात्राचं वय सुरकुत्यांपेक्षा खुर्चीवरून उठण्यात दिसतं. एसी १८ वर ठेवायची गरज मात्र कळली नाही, २४ पुरे.

अर्धा_एल्फ
काका, तो एसी वेगळा. आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं किती अवघड त्याचा आकडा. 😀

व्रण_विशारद
आठ लेव्हल चढली आणि अंगावर एक ओरखडा नाही? कोणाकोणाशी लढली ते लिही. काळ्या ड्रॅगनच्या अॅसिडचा डाग तलवारीच्या वारासारखा दिसत नाही, कातडी वितळून चकाकते. जे झालं तेच काढ. भुवईवर उगाच एक तिरकी रेघ मारू नकोस, ती सगळेच मारतात.

चिलखतवाला
पार्टीत क्लेरिक (मंत्राने बरं करणारा पुजारी) असेल तर व्रण राहतीलच कसे?

व्रण_विशारद
क्युअर वूंड्स हा मंत्र हिट पॉइंट, म्हणजे गेलेला जीव परत देतो. व्रण जातो असं नियमात कुठे लिहिलंय?

चिलखतवाला
राहतो असं तरी कुठे लिहिलंय?

रंगाचा_डबा
दोघंही डीएमला विचारा, तो म्हणेल तेच खरं. मी म्हणतो चित्रच सोडा, मिनी (कॅरेक्टरची छोटी मूर्ती) घ्या. जुनी मिनी असेल तर एम-सीलचा चिमूटभर गोळा, बोटं ओली करून, खांद्यावर नवा पत्रा. सुकलं की वरून पातळ काळा वॉश. एका संध्याकाळचं काम. माझा बार्बेरियन तीनदा असाच 'मोठा' झालाय, आता टेबलावर उभा राहत नाही एवढाच त्रास.

पोळीचा_लाडू
आम्ही ऑनलाइन खेळतो हो. मिनी नाही, टोकन. क्लेरिक आहे. आणि काळ गेला दोनच वर्षं, १७ ची होती, १९ ची झाली. मध्ये लेव्हल ६ ला भुताने ३० वर्षांनी म्हातारी केली ते सोडून. चिलखताचं बोला ना.

अर्धा_एल्फ
थांब, थांब. ते सोडून?? हे पहिल्या ओळीत लिहायचं ना बाई! म्हणजे अंगाने ती ४९ ची आहे आणि तू १७ ची मुलगी काढत बसलीयस?

व्रण_विशारद
भुताचा भेसूर चेहरा! १३ चा विझडम सेव्ह (मनोबलावर वाचायचा फासा, १३ तरी यावे लागतात) ५ किंवा जास्तने फसला की चार बाजूंचा फासा टाकून पडेल त्याच्या दसपट वर्षं. तुझे ३ पडले. ग्रेटर रिस्टोरेशनचा मंत्र नाही मारला?

पोळीचा_लाडू
क्लेरिकला ते लेव्हल ९ ला मिळालं. भुताचं वय उतरवायचं तर २४ तासांच्या आत लागतं. फायटरला फसलेला सेव्ह परत टाकायला मिळतो तोही लेव्हल ९ पासूनच. 😭 त्या सेव्हला माझे एकूण ५ आले होते. आणि मी केस पांढरे केले होते हो, तरी विग घातल्यासारखं दिसलं.

रेघोट्या
विग दिसतोय, कारण चेहरा १९ चाच ठेवलायस. पापण्या थोड्या खाली आण, जबड्याची रेघ सैल कर, मान बारीक. पण गंमत अशी की ती ३० वर्षं ती जगलीच नाही. तेवढं ऊन लागलं नाही, तेवढं हसली नाही. तेव्हा डोळ्यांच्या कडेला हसऱ्या सुरकुत्या काढू नकोस. हातांवर घट्टे दोनच वर्षांचे. काकांचं उठण्याचं इथे उलटं लागू पडतं. चेहरा पन्नाशीचा, उभं राहणं १९ वर्षांच्या पोरीचं, एका पायावर भार टाकून. पहिल्या चित्रात केस कसे होते?

पोळीचा_लाडू
दोन वेण्या, लाल फितीच्या. आणि चेन मेल मोठ्या भावाचं, बाह्या बोटांपर्यंत यायच्या.

रेघोट्या
मग वेण्या ठेव. पांढऱ्या. फीत तीच, विटलेली.

चिलखतवाला
बाह्यांच्या जास्तीच्या कड्या काढल्या असतील, त्याच काखेत लावायच्या. मी आधीच म्हटलं होतं.

नाट्यवेडे_काका
म्हणजे नाटक नाहीये का?

नवा_गडी
अवांतर: तुमच्या गटात जागा आहे का? मी ठाण्यात असतो, ऑनलाइन चालेल. बार्ड (गाणारा-वाजवणारा) खेळेन.

पोळीचा_लाडू
रात्री दोनपर्यंत बसले. वेण्या पांढऱ्या केल्या, मनगटापासून कड्यांच्या तीन ओळी खोडल्या आणि काखेत काढल्या. पहिलं चित्र शेजारी ठेवलं तर पोटात कसंतरी झालं. डीएमला पाठवलं, त्याचं उत्तर फक्त "अरे देवा". बटाटा वाचला. रंग उद्या. काका, नाटक नाही, पण उठण्याचं उपयोगी पडलं. नवा_गडी, जागा आहे, फक्त विझडम बरा ठेव.