शब्दचर्चा : कॉर्नवॉलिस ‘सरदार’ की ‘उमराव’?

प्रश्न : हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल चार्ल्स कॉर्नवॉलिस हा लॉर्ड होता आणि सेनापतीही होता. मग त्याला ‘इंग्रज सरदार’ म्हणणे दोन्ही अर्थांनी योग्य ठरत नाही का?

उत्तर : माझ्या मते ‘उमराव’, म्हणजे किताबधारी खानदानी माणूस, म्हणावे. मराठेशाहीत सरदार म्हणजे सरंजामाच्या, म्हणजे चाकरीसाठी नेमून दिलेल्या मुलखाच्या, उत्पन्नावर पथक बाळगणारा आणि हुकूम येताच ते घेऊन स्वारीवर निघणारा माणूस. टिपूविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या जोडीला असलेले परशुरामभाऊ पटवर्धन या अर्थाने सरदार होते. कॉर्नवॉलिसच्या हाताखालची फौज मात्र राजाची आणि कंपनीची होती, त्याच्या घराण्याची नव्हे. त्याने सैन्यातला पहिला हुद्दा १७५६ मध्ये त्या काळच्या रीतीप्रमाणे पैसे मोजून घेतला, तर अर्ल हा किताब त्याला १७६२ मध्ये वडील वारल्यावर वारशाने आला. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नव्हत्या. घराणेही काही केवळ लढवय्यांचे नव्हते : एक काका फ्रेडरिक हे कँटरबरीचे आर्चबिशप झाले, तर धाकटा भाऊ विल्यम आरमारात अ‍ॅडमिरलपदाला पोचला.

प्रश्न : १७६२ पूर्वीही त्याला ‘लॉर्ड ब्रोम’ म्हणत असत. तेव्हाही तो उमरावच ना?

उत्तर : नाही, तेव्हा तो उमरावपुत्र. वडिलांना १७५३ मध्ये अर्ल केल्यावर त्यांचा दुय्यम किताब थोरल्या मुलाला केवळ मानाने लावला जाई. म्हणूनच तो १७६० मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या लोकनियुक्त सभागृहात निवडून येऊ शकला आणि वडिलांच्या मृत्यूनंतर त्याला लॉर्ड्स या उमरावांच्या सभागृहात जावे लागले.

प्रश्न : ‘वंशपरंपरागत किताब’ हा शब्दप्रयोग तरी चालेल?

उत्तर : चालेल, पण जपून. आपल्या सनदांतले ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ वाचताना दत्तकाची वाट आपण मनात गृहीत धरतो. इंग्रजी किताबाला दत्तक चालत नाही, आणि या घराण्याचे किताब मुलींकडेही जात नव्हते. कॉर्नवॉलिसला १७९२ मध्ये मिळालेला मार्क्विस हा वरचा किताब फक्त त्याच्या स्वतःच्या पुरुषवंशाला होता. तो स्वतः १८०५ मध्ये गाझीपूरला वारला, आणि त्याचा एकुलता मुलगा १८२३ मध्ये पाच मुली मागे ठेवून गेला, तेव्हा मार्क्विसपद तिथेच संपले. अर्लपद मात्र मूळ कॉर्नवॉलिसच्या वडिलांना दिलेले असल्यामुळे ते या मुलाच्या चुलत्याकडे, म्हणजे कॉर्नवॉलिसचा भाऊ असलेल्या ऐंशी वर्षांच्या बिशप जेम्सकडे गेले. आणि ते त्याच्याकडे जेमतेम काही महिने राहिले. जेम्सच्या मुलाच्या मागेही मुलगा उरला नव्हता, त्यामुळे १८५२ मध्ये तेही लयाला गेले. एकाच घराण्यातले दोन किताब असे वेगवेगळ्या वाटांनी गेल्यामुळे ‘कॉर्नवॉलिस घराण्याचा किताब’ असे मोघम न लिहिता कोणता किताब ते प्रत्येक वेळी सांगावे.