प्रयोगशाळेत वाढवलेले मांस आणि हलाल प्रमाणपत्र: सिंगापूरच्या फतव्याचा नेमका अर्थ काय?

नाझनीन_रत्नागिरी:
सिंगापूरच्या इस्लामी धार्मिक परिषदेच्या, म्हणजे 'मुईस'च्या, फतवा समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्राण्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले मांस काही अटींवर हलाल ठरू शकते, असा निर्णय दिला. माझा भाऊ तिथे नोकरीला आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मताचे (सुन्नी इस्लामच्या धर्मशास्त्रीय परंपरांपैकी एक) आणि तिथला मलय समाजही बहुतांशी त्याच मताचा, त्यामुळे त्या निर्णयाला आमच्या घरातही वजन आहे. भावाच्या ओळखीतले लोक मात्र 'आता हे मांस हलाल झाले' असे सरसकट सांगतात. जनावर कापलेच जात नसेल तर जबीहाचा, म्हणजे शरियतप्रमाणे जनावर कापण्याचा, प्रश्न कुठे येतो, आणि प्रमाणपत्र देणाऱ्याने काय तपासायचे?

पेशीसंवर्धक:
फतव्याने दार उघडले आहे. प्रत्येक पदार्थाला प्रमाणपत्र वेगळेच मिळवावे लागते. पेशी खाण्यास परवानगी असलेल्या प्राण्याच्या असाव्यात आणि त्यात निषिद्ध घटक मिसळू नयेत, हा त्या अटींचा गाभा आहे.

यातली दुसरी अट वाटते त्यापेक्षा फार कठीण आहे. पेशी वाढतात त्या पोषक द्रवात अनेक वर्षे गायीच्या गर्भाच्या रक्तातून काढलेले सीरम वापरले जात होते, आणि वाहते रक्त कुराणाने स्पष्टपणे निषिद्ध ठरवले आहे. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने जगात प्रथम ज्या कोंबडीच्या मांसाला विक्रीची परवानगी दिली, त्याच्या निर्मितीतही सुरुवातीला असे सीरम होते. सीरमविरहित द्रवाला तिथल्या अन्न नियामकाने जानेवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. म्हणून तयार तुकडा तपासून काहीही सिद्ध होत नाही. पेशींचा मूळ साठा, द्रवातील प्रत्येक घटक आणि पेशी ज्यावर चिकटून वाढतात तो आधार (तो जिलेटिनचा असेल तर ते कोणत्या प्राण्याचे, हेही) या सर्वांची कागदपत्रे निरीक्षकाने पाहिलीच पाहिजेत.

तालिब_ए_फिक्ह:
नाझनीनताई, जबीहाचा प्रश्न पेशी घेण्याच्या क्षणी येतो. जिवंत जनावराच्या अंगापासून कापलेला भाग मुरदार, म्हणजे मेलेल्या जनावराप्रमाणे निषिद्ध, समजावा, अशी हदीस (प्रेषितांचे वचन) आहे. तिच्या आधारे इंडोनेशियातील नहदतुल उलमा या मुस्लिम संघटनेने २०२१ मध्ये जिवंत प्राण्यापासून घेतलेल्या पेशींच्या मांसाविरुद्ध मत दिले. २०२३ मध्ये सौदी अरेबियातील तीन शरिया विद्वानांनी सिंगापूरमध्ये ती कोंबडी विकणाऱ्या गुड मीट या कंपनीला कळवले की पेशी शरियतप्रमाणे जबह केलेल्या जनावराच्या असतील तर असे मांस हलाल होऊ शकते. कंपनीची त्या वेळी विक्रीत असलेली कोंबडी या कसोटीत बसत नव्हती.

सीरमचे समर्थन करताना काही जण इस्तिहाला, म्हणजे पदार्थाचे मूळ स्वरूपच पालटणे, हे तत्त्व पुढे करतात. हनफी या दुसऱ्या सुन्नी परंपरेच्या फिक्हमध्ये (धर्मशास्त्रात) त्याला बराच वाव आहे, पण शाफई मतात दारूचा आपोआप सिरका होणे अशा मोजक्याच उदाहरणांपुरते ते मान्य आहे. आपल्या कुटुंबासाठी ही पळवाट अरुंद आहे, आणि माझ्या मते ती शोधण्यापेक्षा सीरमविरहित निर्मितीचाच आग्रह धरावा.

दर्यावर्दी:
मासळीचा विचारही व्हावा. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था जानेवारी २०२४ पासून एका खाजगी कंपनीसह पेशींपासून मासळी तयार करण्याच्या कामात उतरली आहे. मासळीला जबह करण्याची अटच नाही, त्यामुळे तिथे अर्धा वाद उद्भवतच नाही. द्रवातील सीरमचा प्रश्न मात्र तिथेही राहतो.

नाझनीन_रत्नागिरी:
आपणा सर्वांची आभारी आहे. मग भावाने उपाहारगृहात नेमके काय विचारावे?

पेशीसंवर्धक:
त्याच पदार्थाला मुईसचे प्रमाणपत्र आहे का, हे आधी विचारावे. उपाहारगृहात फतव्याची प्रत दाखवली तर ती पुरेशी मानू नये. प्रमाणपत्र असल्यास ते कोणत्या कारखान्यातील उत्पादनाचे आहे आणि त्याची मुदत संपली आहे का, हेही पाहावे, कारण पोषक द्रव बदलला की तपासणी नव्याने व्हायला हवी.