मदत हवी आहे: मित्राबरोबर क्राफ्ट बिअरचा गॅस्ट्रोपब काढतोय, नळ किती ठेवावेत आणि हिस्सा कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र मिळून गॅस्ट्रोपब, म्हणजे जेवणावरही तितकाच भर असलेला पब, काढतोय. ठरवून आठ महिने झाले, आता जागेचा करार सहीसाठी समोर आलाय आणि माझी झोप उडाली आहे. मी अकरा वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काढली, म्हणून जेवणाची बाजू माझी. मित्र सॉफ्टवेअरमधला, पण सहा-सात वर्षं घरी बिअर बनवतोय आणि खरोखर छान बनवतो. भांडवलात माझे ७० टक्के, त्याचे ३०. हिस्सा मात्र अर्धा-अर्धा हवा असं तो म्हणतो, कारण "बिअरमधलं कळतं मला".

तर पहिलं भांडण नळांवरून. त्याला भिंतीवर एका ओळीत २४ नळ हवेत. दिसायला झकास, मान्य. पण मी कागद-पेन घेऊन बसलो. ३० लिटरच्या केगमधून (नळाला जोडायच्या बिअरच्या पिंपातून) ३३० मिलीचे साधारण ९० ग्लास निघतात, फेस आणि सांडणं धरलं तर कमीच. जागा ४५ जणांची. दिवसाला ६० गिऱ्हाइकं आली आणि माणशी दीड ग्लास धरला तरी ९० ग्लास, म्हणजे दिवसाला एक केग. त्यातली निम्मी विक्री लोकप्रिय अशा चार बिअरच खाणार. उरलेल्या २० नळांना रोजचे ४५ ग्लास. वीस केग म्हणजे १८०० ग्लास, भागिले ४५, सरासरी ४० दिवस! ही झाली सरासरी. शेपटाकडचे नळ तर दोन-तीन महिने तसेच उभे राहणार. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास सगळ्यात आधी उडतो आणि मित्राचा सगळा जीव हॉप्सवाल्या बिअरवर. दहाच नळ ठेवले तर लोकप्रिय चार सोडून उरलेल्या सहांचा हाच हिशेब १२ दिवसांवर येतो.

त्यावर तो म्हणतो, "तू स्वयंपाकी, तुला भीतीच वाटणार."

दुसरं, कागद. मी भागीदारीपत्राचा विषय काढला की त्याचा चेहरा पडतो. "आपल्यात कागद कशाला?" आपल्यात आहे म्हणूनच हवाय, पण हे त्याला न दुखवता कसं सांगू?

तिसरं म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून तिथेच बिअर बनवायची आहे. माझं म्हणणं, वर्षभर चांगल्या ब्रुअरींकडून केग घ्यावेत. घरच्या २० लिटरच्या भांड्यात जमलं ते ५०० लिटरच्या टाकीत तसंच जमेल असं नाही, शिवाय लागरसारखी, थंडीत सावकाश मुरणारी बिअर टाकी कित्येक आठवडे अडवून ठेवते.

अनुभवी लोकांनी सांगा. मी अति सावध होतोय का?

प्रतिसाद १

हिशेब बरोबर आहे तुमचा. बार सांभाळलाय म्हणून सांगतो, केग उघडल्यावर नीट थंड आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली असेल तर सहा-आठ आठवडे निघतात, पण "निघतात" आणि "चांगली लागते" यात फरक आहे. दहा-बारा नळ घ्या, त्यातले तीन-चार सतत बदलते ठेवा. विविधता हवी तर बाटल्या आणि कॅन आहेतच.

नळांच्या संख्येपेक्षा मला त्यांच्या मागची बाजू महत्त्वाची वाटते. कोल्ड रूम नळांच्या भिंतीला लागूनच ठेवा, म्हणजे पाइप आखूड राहतात. केग तीन अंश सेल्सियसच्या आसपास. तापमान वाढलं की गॅस बिअरमधून सुटतो आणि ग्लासात निम्मा फेस येतो. मग नवखा माणूस काय करतो, तर दाब कमी करतो. घटकाभर बरं वाटतं, पण गॅस आणखी सुटत जातो, पाइपमध्ये बुडबुडे धरतात आणि शेवटी बिअर मिळमिळीत होते. फेस आला की आधी थर्मामीटर बघायचा, दाबाला नंतर हात लावायचा.

पाइप दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुवायचे, प्रत्येक नळाचे. २४ नळांच्या हौशीवर हे एकच काम उतारा आहे. मित्राला म्हणा, पहिले सहा महिने धुलाई तुझ्याकडे. आणि ग्लासांवर तेलकटपणा राहू देऊ नका. बुडबुडे काचेला चिकटून बसलेले दिसले की ग्लास स्वच्छ नाही असं समजायचं. तुमच्या स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये बिअरचे ग्लास चुकूनही जाऊ नयेत.

प्रतिसाद २

हिशेबनीस आहे, म्हणून फक्त कागदाबद्दल.

तुमचे जास्तीचे ४० टक्के भांडवल म्हणून घालू नका, धंद्याला कर्ज म्हणून द्या, व्याज आणि मुदत लिहून. मग दोघांचं भांडवल सारखं, अर्धा हिस्सा त्याला खुशाल द्या. कर्ज आधी फिटेल, नफा नंतर वाटला जाईल. जो तिथे रोज राबेल त्याला पगार वेगळा. पगार आणि नफा एकत्र केले की दुसऱ्याच वर्षी "मी जास्त राबतो" सुरू होतं.

निम्मा-निम्मा म्हटलं की अडून बसण्याची सोय दोघांनाही असते. म्हणून खाती वाटून घ्या: बिअरवर शेवटचा शब्द त्याचा, जेवणावर तुमचा, ठरावीक रकमेवरच्या खर्चाला दोघांच्या सह्या. नळांची संख्या हा खर्चाचा विषय आहे, बिअरच्या चवीचा नाही, हे त्याला तिथेच कळेल.

बाहेर पडायची वाटही लिहा. एकाने किंमत सांगायची, दुसऱ्याने त्या भावाने घ्यायचं की विकायचं ते ठरवायचं, ही पद्धत चालते, पण ज्याच्याकडे रोकड जास्त त्याला ती झुकतं माप देते. तुमच्या बाबतीत ते तुम्ही. त्याला हे आधी सांगा, विश्वास वाढेल.

आणि करारावर सही करण्याआधी: परवाना मिळाल्यावरच भाडं सुरू होईल, नाकारला तर करार रद्द, हे कलम आहे का बघा. परवान्याला महिने लागतात, भाडं वाट बघत नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. कर्जाची युक्ती डोक्यातच आली नव्हती. करारात ते कलम नाही, जागामालकाशी बोलणं लावलंय.

काल बसलो दोघं. त्याने आधी मलाच सुनावलं की गॅस्ट्रोपबची सुरुवातच दोन भागीदारांनी केली, १९९१ साली लंडनच्या क्लार्कनवेलमधल्या 'द ईगल'मध्ये, आणि ते काही घाबरले नाहीत. मी म्हटलं, बरोबर, पण त्यांचं स्वयंपाकघर बारच्या मागे इवलंसं आणि मेनू फळ्यावर खडूने लिहिलेला. गाजली ती त्यांची छोटी यादी. मग ४० दिवसांचा हिशेब पुढे केला. पाच मिनिटं गप्प बसला. नंतर "धुलाई कोण करणार?" हे विचारल्यावर स्वतःच १२ म्हणाला. माझाही मेनू त्याने २६ पदार्थांवरून १४वर आणला, तेव्हा फिटंफाट.

बिअर बनवण्याचा विषय वर्षभर बंद. मात्र टाकीसाठी गटार आणि पाण्याची लाइन आत्ताच टाकून ठेवायची असं तो म्हणतो, आणि फरशी बसल्यावर फोडण्यापेक्षा ते बरं असं मलाही वाटतं. कोणी असं आधी करून ठेवलं आहे का? गटाराला उतार किती द्यावा लागला?

पबच्या नावावरून अजून भांडण चालू आहे. त्याचा वेगळा धागा काढतो.