मदत हवी आहे: दर आठवड्याला शिफ्ट बदलते, रोजच्या सवयी टिकवायच्या कशा?

मेंटेनन्सवाला

नमस्कार मंडळी,

चाकण एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. राहायला मोशीत. घरी बायको, आई आणि तिसरीतली मुलगी. आमच्या शिफ्ट आठवड्याला फिरतात. फर्स्ट साडेसहा ते तीन, सेकंड तीन ते साडेअकरा, नाइट साडेअकरा ते साडेसहा. गुरुवारी सुट्टी आणि शुक्रवारपासून नवी शिफ्ट. शिवाय येण्याजाण्याचा वेळ धरा. कंपनीची बस आंबेठाण चौकात किंवा तळेगाव चौकात अडकली की किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही.

मला तीनच गोष्टी रोज करायच्या आहेत. एक, इलेक्ट्रिकल सुपरवायझर लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास. ते मिळालं तर पुढची दहा वर्षं पाना-पक्कड हातात घेऊनच काढावी लागणार नाहीत. दोन, चालणं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर ११२ आली आणि डॉक्टरांनी आत्ताच लक्ष घाला म्हणून सांगितलंय. तीन, मुलीसोबत रोज थोडा वेळ, फोन बाजूला ठेवून.

आता अडचण. याविषयी जे जे वाचतो, ऐकतो, त्याची सुरुवात 'पहाटे पाचला उठा' इथून होते. फर्स्टला असतो तेव्हा पाचला माझी आंघोळ होऊन डबा भरलेला असतो. सेकंडच्या आठवड्यात पाचला मला झोप लागून जेमतेम चार तास झालेले असतात. नाइटला पाच वाजता मी लाइनवर असतो आणि नेमका त्याच वेळी कुठला तरी सेन्सर जातो. तिन्ही आठवड्यांत मोकळी असेल अशी घड्याळातली एकही वेळ मला सापडत नाही. भिंतीवर वेळापत्रक लावून पाहिलं, फोनवर सलग दिवस मोजणारं अ‍ॅप वापरून पाहिलं. फर्स्टच्या आठवड्यात सगळं छान चालतं, सेकंडला निम्मं होतं आणि नाइट आली की बंद. अ‍ॅपमधला आकडा शून्यावर गेला की मनही उतरतं आणि पुन्हा सुरू करायला पुढची फर्स्ट उजाडते.

एक गोष्ट मात्र डोक्यात सारखी येते. कामावरच्या माझ्या सवयी कुठल्याही शिफ्टला मोडत नाहीत. पॅनेल उघडायचं तर आधी सप्लाय बंद, स्वतःचं कुलूप, त्यावर नावाचा टॅग. मग मीटर आधी चालू सप्लायवर लावून तो बरोबर दाखवतोय ना ते बघायचं, त्यानंतर पॅनेलवर लावून शून्य असल्याची खात्री करायची आणि शेवटी पुन्हा एकदा मीटर चालू सप्लायवर. पहाटे तीनला डोळे मिटत असले तरी हात आपोआप मीटरकडे जातो. तिथे कधी कंटाळा येत नाही, कधी विसरत नाही. मग हेच अभ्यासाच्या वहीच्या बाबतीत का होत नाही?

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही सवयी कशा लावल्या? नाइटच्या आठवड्यात किती अपेक्षा ठेवायची? अभ्यास नाइटहून आल्यावर करावा की झोपून उठल्यावर? सल्ला साधा असला तरी चालेल, पण तिन्ही शिफ्टला लागू पडेल असा हवा.

स्टाफ_नर्स_सोलापूर

दादा, मी बरीच वर्षं वॉर्डात नाइट करते आहे, म्हणून आधी झोपेबद्दल बोलते. नाइटच्या आठवड्यात पहिली सवय झोपेची. ती बसली नाही तर अभ्यास आणि चालणं दोन्ही कोसळतं, आणि साखरेलाही अपुरी झोप चांगली नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. शेवटचा चहा पहाटे तीनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. साडेपाचला कँटीनचा कडक चहा घेतलात तर आठ-नऊला गादीवर पडून नुसतं छताकडे बघत बसाल. सकाळी घरी येताना उन्हाचा चष्मा लावा. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीर दिवस उजाडला असं धरून चालतं. खोलीला जाड, गडद पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. घरच्यांना सांगून ठेवा की साडेतीनपर्यंत बेल वाजली तरी तुम्हाला उठवायचं नाही. आणि नाइटहून येताना मोटरसायकल चालवू नका, बसनेच या. डुलकी लागायला एक क्षण पुरतो, आणि नाशिक हायवेवर तो क्षण परवडणारा नाही. आमच्याकडची एक मुलगी यात फार थोडक्यात वाचली आहे, म्हणून कळकळीने सांगते.

नाइटहून आल्यावर अभ्यास करू नका. डोकं तेव्हा काही घेत नाही आणि झोपेची वेळही निघून जाते.

चालण्याचं सोपं आहे. सलग अर्धा तास शोधत बसू नका. दोन्ही मोठ्या जेवणांनंतर दहा ते पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, म्हणजे तुम्हाला हवं तेच. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते यात जवळजवळ भरतं. जेवण तर तुम्ही तिन्ही शिफ्टला करताच. पुढच्या तपासणीत एचबीए१सी पण करून घ्या, त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते.

बाकावरची_वाचक

स्टाफ नर्स ताईंनी जे चालण्याबद्दल लिहिलंय, त्यातच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. मी मानसशास्त्रात एमए करते आहे आणि हा विषय मला मनापासून आवडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सवयींबद्दल '२१ दिवसांत सवय लागते' असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष तपासलं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. ९६ जणांना बारा आठवडे रोज एक साधी कृती करायला सांगितली होती. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला (बारा आठवड्यांपुढचे आकडे आलेखावरून काढलेले आहेत) आणि मधला आकडा ६६ दिवस. पण तुमच्या कामाच्या गोष्टी पुढे आहेत. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे तुमचं अ‍ॅप एका चुकलेल्या दिवसासाठी जो शून्य दाखवतं, त्या शून्याला काहीही आधार नाही. ते खुशाल काढून टाका. आणि त्या लोकांनी आपली कृती दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती, जसं की न्याहारीनंतर.

तुमचा हात मीटरकडे का जातो? कारण त्याची खूण पॅनेलचं दार आहे. ते दार तिन्ही शिफ्टला सारखंच असतं. तुमच्या अभ्यासाची खूण मात्र घड्याळ आहे आणि ते दर शुक्रवारी तुमच्यासाठी बदलतं. तर अभ्यासालाही एखादं दार शोधा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा नेमक्या वाक्यात संकल्प मांडायचा प्रकार अभ्यासला आहे. 'रोज अभ्यास करीन' यापेक्षा असं वाक्य पुष्कळ जास्त वेळा पार पडतं. फक्त तुमचं 'अमुक' असं हवं की जे फर्स्ट, सेकंड, नाइट तिन्हींत घडतं. झोपून उठल्यावरचा पहिला चहा? बसमध्ये बसणं? डबा धुवायला टाकणं? तुमच्या दिवसात काय काय सारखं असतं ते तुम्हालाच माहीत.

मेंटेनन्सवाला

दोघींचेही मनापासून आभार. पॅनेलच्या दाराचं एकदम पटलं. आज जेवणाच्या सुट्टीत बसून तिन्ही शिफ्टला काय सारखं असतं ते लिहून काढलं. उठल्यावरचा चहा, बस, कपडे बदलायचं लॉकर, दोन जेवणं, घरी आल्यावरची आंघोळ. एवढंच.

चहा बरा वाटतो. उठलो, चहा घेतला, कप खाली ठेवला की वही उघडायची. पण फर्स्टला उठल्यापासून बसपर्यंत पाऊण तास असतो, त्यात तासभर अभ्यास कसा बसणार? आणि दुसरं, चार दिवसांनी वही उघडली की मागे कुठे होतो तेच आठवत नाही. वीस मिनिटं पानं उलटण्यात जातात आणि वैताग येतो.

निवृत्त_फोरमन

अरे बाबा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तू रोज कारखान्यात लिहितोस. हँडओव्हर रजिस्टर! शिफ्ट सुटताना पुढच्यासाठी आपण काय लिहितो? काय झालं, काय बाकी आहे, कुठून धरायचं. पुढचा माणूस येतो, दोन ओळी वाचतो आणि थेट मशीनला हात घालतो. हेच स्वतःसाठी लिही. भोसरीत शिफ्ट करत मी डिप्लोमा केला तो याच पद्धतीने. वही मिटायच्या आधी शेवटच्या ओळीत नोंद टाकायची. उदाहरणार्थ:

'प्लेट अर्थिंग झालं. प्लेट ६० × ६० सेंमी, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) असेल तर जाडी ६.३ मिमी, तांब्याची असेल तर ३.१५. पाइप अर्थिंगची आकृती बाकी. पुढच्या वेळी आधी आकृती काढायची, मग वाचायचं.'

पुढची सुरुवात नेहमी हाताने करायच्या कामाने ठेव. आकृती काढ, गणित सोडव. नुसतं वाचन ठेवलंस तर झोप येणार, विशेषतः सेकंडला. आणि अभ्यासाला जुनं पुस्तक वापरत नाहीस ना ते बघ. विद्युत सुरक्षेचे केंद्रीय नियम २०२३ मध्ये नवे आले आहेत, पुष्कळ जुन्या गाइडांमध्ये अजून २०१० चेच आहेत.

तासाचं म्हणशील तर फर्स्टला सकाळी दहा मिनिटं पुरे. कप ठेवला, आदली नोंद वाचली, एक गणित सोडवलं, नवी नोंद टाकली, बसला पळाला. राहिलेला अभ्यास घरी येऊन आंघोळ झाली की. सेकंडला उठल्यावर तुझी सगळी सकाळ मोकळी असते, तिथे दीड तास घाल. नाइटच्या आठवड्यात फक्त दहा मिनिटं, दुपारी उठून चहा झाल्यावर. जास्तीचा हट्ट धरू नकोस. मोठा पल्ला सेकंडमध्ये मारायचा, नाइटमध्ये दोर तुटू द्यायचा नाही. तीन आठवड्यांचा हिशेब एकत्र मांडलास तर आपोआप भरून निघतं.

शिफ्टवाल्याची_घरधनीण

भाऊ, तिसऱ्या गोष्टीवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे 'हे' गेली कित्येक वर्षं रांजणगावला शिफ्टमध्ये आहेत. मुलांना बाबा कधी घरी आणि कधी झोपलेले याचा पत्ता नसतो, त्यामुळे त्यांचीही चिडचिड होते. मी फ्रीजवर महिन्याचं कॅलेंडर लावलं आणि फर्स्ट पिवळी, सेकंड हिरवी, नाइट निळी असे चौकोन मुलांकडूनच रंगवून घेतले. निळा चौकोन असला की धाकटा स्वतःहून टीव्हीचा आवाज कमी करतो.

मुलीसोबतची वेळ मात्र तिन्ही शिफ्टला एकच ठरवू नका, जमणार नाही. सेकंडच्या आठवड्यात तुम्ही येता तेव्हा ती झोपलेली असते. त्या आठवड्यात तिला शाळेत सोडायला जा, चालताना गप्पा होतात. तुमची झोप थोडी मोडेल, पण आल्यावर परत पडता येईल. नाइटला संध्याकाळी जेवणानंतरचं चालणं तिला घेऊनच करा. फर्स्टला रात्री तिच्या शेजारी बसून ती तिचं लिहील, तुम्ही तुमचं लिहा. बाबा अभ्यास करतात हे मुलं बघतात. आमच्या मोठीने दहावीला कधी 'अभ्यासाला बस' म्हणायची वेळ आणली नाही, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

आणि वहिनींना विचारून ठरवा. तुम्ही उठल्यावर वही उघडणार म्हणजे त्या वेळचं दूध, भाजी, आईंची औषधं कोण बघणार ते आधी बोलून घ्या.

मेंटेनन्सवाला

ताई, हे शेवटचं फार महत्त्वाचं सांगितलंत. काल रात्री बायकोशी बोललो. सकाळची आईची औषधं फर्स्टला आणि नाइटला ती देते, सेकंडच्या आठवड्यात माझ्याकडे. त्याबदली तिला त्या आठवड्यात सकाळी अर्धा तास स्वतःसाठी हवा आहे, तिला पुन्हा शिवणकाम सुरू करायचंय. हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

आता असं ठरवलं आहे. चहाचा कप खाली ठेवला की वही, किमान दहा मिनिटं. वही मिटण्याआधी हँडओव्हरची नोंद. दोन्ही जेवणांनंतर चालणं. कामावर असेन तेव्हा कँटीनपासून स्टोअरपर्यंत दोन फेऱ्या मारल्या की दहा मिनिटं होतात, आज घड्याळ लावून पाहिलं. अ‍ॅप काढून टाकलं. वही चहाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. रंगीत चौकोनांचं काम मुलीने हातात घेतलंय, नाइटला तिने जांभळा रंग निवडला.

एक प्रश्न उरतोच. नाइट संपते ती गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी पहाटे फर्स्ट. त्या एका दिवसात झोप पुन्हा जागेवर आणायची कशी? गुरुवारी दिवसभर झोपलो तर रात्री झोप लागत नाही, आणि नाही झोपलो तर लग्नकार्यात बसल्याबसल्या पेंगतो.

स्टाफ_नर्स_सोलापूर

गुरुवारी सकाळी आल्यावर फक्त दोन-तीन तास झोपा, गजर लावून उठा. मग दुपारी उन्हात बाहेर पडा, मंडईचं काम त्या वेळेला ठेवा. दुपारनंतर चहा नको. रात्री नऊला आडवे व्हा. शुक्रवारी थोडं जड जाईल, शनिवारपर्यंत बसतं. त्या एका गुरुवारी अभ्यासाची नुसती नोंद वाचा, बाकी काही करू नका.

जमलं तर तुमच्या एचआरशी बोलून बघा. फर्स्टनंतर सेकंड आणि मग नाइट असा तुमचा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपा जातो, तो चांगलाच आहे. फक्त नाइटनंतर एकाऐवजी दोन दिवस मोकळे मिळतात का, एवढं विचारा. आमच्या वॉर्डात सगळ्यांनी मिळून अर्ज दिल्यावर ते मिळालं.