नेक्रोमँडस: कंपनीनं मारलेला बँड, की आपणच डोक्यावर घेतलेला?

खर्जप्रेमी (धागाकर्ता)
परवा 'डबा_टेप' यांनी लिहिलं: "नेक्रोमँडस हा १९७३ च्या ब्लॅक सॅबथपेक्षा सरस बँड. व्हर्टिगो कंपनीनं त्यांचा गळा घोटला आणि जगानं सव्वीस वर्षं बहिऱ्याचं सोंग घेतलं." तिथंच दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो, पण रात्रभर डोक्यात तेच. म्हणून वेगळा धागा.

गळा कुणीही घोटला नाही. इंग्लंडच्या कंब्रियातल्या एग्रेमाँट-व्हाइटहेवनकडची चार पोरं. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी यानं त्यांना हाताशी धरलं, सॅबथच्या आधी मंचावर चढवलं, व्हर्टिगोसारखं लेबल मिळालं आणि अल्बमचा निर्माता परत आयोमीच. त्या काळी यापेक्षा मोठा वशिला ब्रह्मदेवाकडेही नसेल. 'ओरेक्सिस ऑफ डेथ' रेकॉर्ड झाला आणि गिटारवाला बॅझ डनरी बँड सोडून गेला. ज्याच्या बोटांवर सगळा डोलारा, तोच गेला. रेकॉर्ड विकायला दौरा लागतो, दौऱ्याला बँड लागतो. कंपनीनं अल्बम बासनात गुंडाळला, तो सीडीवर आला थेट १९९९ मध्ये; यात खून कसला?

अल्बम मला आवडतो. 'नाइटजार' गाडीत आठवड्यातून दोनदा तरी लागतंच. पण टेप कपाटात पडून राहिली म्हणून तिचं अमृत होत नाही. हीच गाणी १९७३ मध्ये वेळेवर आली असती, तर यातले निम्मे भक्त आज "ठीक आहे, सॅबथची छाया आहे" म्हणाले असते.

डबा_टेप
माझ्या नावानं धागा काढलात, धन्य झालो.

सॅबथची छाया? आयोमी एक रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी ओळ) घेतो आणि जात्यावर बसल्यासारखा दळत राहतो. (मला ते दळण प्रिय आहे, कुणी अंगावर येऊ नका.) डनरी तसाच जड रिफ घेतो, मध्येच जॅझवाल्यासारखा सरसर वर चढतो आणि तुम्ही सावरायच्या आत खाली येऊन परत तोच रिफ. खालून फ्रँक हॉलचे ड्रम्स. 'अ ब्लॅक सॉलिट्यूड' हेडफोनवर ऐका, गाडीत नाही. गाडीत हॉर्न ऐकतात.

आणि १९७७ च्या अखेरीस गायक ऑझी सॅबथमधून बाहेर पडला तेव्हा त्यानं नव्या बँडसाठी कुणाला बोलावलं? डनरी, मकार्टन आणि हॉल, नेक्रोमँडसचेच तिघं. ऑझीला कान नव्हते म्हणायचंय का?

खर्जप्रेमी
आणि तो बँड टिकला किती? १९७८ च्या सुरुवातीला ऑझी परत सॅबथमध्ये. लग्नाची बोलणी झाली म्हणजे संसार झाला असं नसतं.

जड रिफ आणि प्रोग (गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) यांचं मिश्रण म्हणाल, तर १९७३ चा सॅबथ स्वतःच तिकडे सरकला होता. 'सॅबथ ब्लडी सॅबथ' अल्बमवर यस या प्रोग बँडचा रिक वेकमन पियानो वाजवतो. तुमचा मुद्दा तिथंच अर्धा संपला.

समुद्रपार
मी नोकरीनिमित्त तीन वर्षं व्हाइटहेवनला काढली. खाणी बंद पडलेलं बंदर, वर पाऊस. आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता तोंडावर फवारत राहतो. शेजारी एग्रेमाँट. तिथं जत्रेत घोड्याच्या गळपट्ट्यात मुंडकं घालून वेडीवाकडी तोंडं करायची जागतिक स्पर्धा भरते, खोटं वाटत असेल तर शोधा. तिथून लंडन म्हणजे दिवसाचा प्रवास. अशा कोपऱ्यातून व्हर्टिगोपर्यंत पोचणं यालाच मी निम्मं यश म्हणेन.

तिथल्या एका आजोबांना मी नेक्रोमँडसबद्दल विचारलं, तर म्हणाले, "बॅझ ना? फ्रान्सिसचा भाऊ." फ्रान्सिस डनरी म्हणजे 'इट बाइट्स' बँडचा. १९८६ मध्ये त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये गाजलं होतं. म्हणजे गावातही थोरल्याची ओळख धाकट्यावरून. मला वाईट वाटलं.

मास्टरिंग_माझा_धर्म
कुणी ऐकलाय ते सोडा, कुठली प्रत ऐकलीय ते बोला. १९९९ ची सीडी, की नंतर ली डोरियनच्या राइज अबव्ह लेबलनं काढलेली? हल्ली जुनी टेप सापडली की मास्टरिंगमध्ये (प्रती काढण्याआधीची आवाजाची शेवटची जुळणी) पहिलं काम म्हणजे आवाज फुगवायचा. हळू आणि जोरात यातला फरकच मारून टाकतात. मग म्हणे सत्तरीतला बँड किती 'हेवी' होता! अहो, तो हेवीपणा परवाच्या मंगळवारचा आहे.

डबा_टेप
आले. लोणच्याच्या धाग्यावरही हे मास्टरिंगच काढतील.

सातरस्ता
कंब्रियाचं काय घेऊन बसलात? आपल्या मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टबद्दल कुणी दोन शब्द लिहिलेत? 'ऑब्सेशन ७७' नाव, बाजारात आला १९८१ मध्ये, तोवर बँडचा खेळ आटोपलेला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन लेबलनं परत काढला तेव्हा आम्हाला कळलं की हे आपल्याच गावात वाजत होतं. सिगारेट कंपनीनं भरवलेल्या सिमला बीट स्पर्धांच्या १९७० आणि ७१ च्या रेकॉर्डही अशाच, गोऱ्या संग्राहकांनी जपल्या. आपण काय जपलं?

खर्जप्रेमी
ॲटॉमिक फॉरेस्ट प्रोग नाही हो, शीर्षकाचा ट्रॅक चक्क फंक (नाचायच्या ठेक्याचं संगीत) आहे. वेगळा धागा काढा.

सातरस्ता
काढणार नाही, इथंच लिहिणार. माझा काका सत्तरीत परळला एका बँडमध्ये बेस वाजवायचा. बँडचं नाव सांगून उपयोग नाही, कुणालाच माहीत नाही. त्यांनी एका ओळखीच्याच्या स्टुडिओत रात्री अकरानंतर चार गाणी स्पूलवर (फितीच्या मोठ्या चाकावर) घेतली होती. काका गेल्यावर माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो स्पूल सापडला. फितीच्या कडेला पांढरी बुरशी, भाकरीवर येते तशी. एका डिजिटायझेशनवाल्याकडे दिला. त्यानं दोन महिने ठेवून घेतला आणि "वाजत नाही" म्हणून परत केला. डब्याचं झाकणही हरवलं. एग्रेमाँटच्या पोरांना निदान आयोमी होता.

पुणे३०
सोपं आहे. ओव्हनमध्ये भाजा. पन्नास-पंचावन्न अंशांवर आठ तास. मोठमोठे स्टुडिओ हेच करतात.

फीतवाली
थांबा!! काही भाजू नका!

सगळ्या फिती भाजायच्या नसतात. भाजतात त्या चिकट झालेल्या. सत्तरीच्या मध्यानंतरच्या काही फिती, उदाहरणार्थ ॲम्पेक्स ४५६. त्यांच्यातला डिंकासारखा थर दमट हवेत पाणी ओढतो आणि फीत मशीनच्या हेडला (आवाज वाचणाऱ्या भागाला) चिकटून किंचाळते. जुनी ॲसिटेटची (जुन्या जातीच्या प्लॅस्टिकची) फीत भाजलीत तर कायमची गेली. आणि बुरशी भाजून जात नाही, ती वेगळी भानगड.

सातरस्ता, एवढंच करा. स्पूल खिडकीतल्या उजेडासमोर आडवा धरा. गुंडाळलेल्या फितीतून उजेड आरपार झिरपला तर ॲसिटेट, काळाकुट्ट दिसला तर पॉलिएस्टर. मास्क लावा, बुरशी छातीत जाते. आणि मशीनवर चढवू नका, बुरशी हेडवर जाईल, तिथून पुढच्या प्रत्येक फितीवर.

पुणे३०
मी स्वतः दोन फिती भाजल्यात, दोन्ही ठणठणीत. पुस्तकी ज्ञान पुरे.

फीतवाली
पुस्तकी? बावीस वर्षं हेच काम करतेय. तुमच्या दोन वाचल्या ते नशीब. घरच्या ओव्हनचा काटा पंचावन्न दाखवतो तेव्हा आत किती असतं ते एकदा थर्मामीटर ठेवून बघा. दुसऱ्याच्या मेलेल्या काकाच्या एकुलत्या एक स्पूलवर प्रयोग सांगताना जनाची नाही तर मनाची?

पुणे३०
भाषा सांभाळा, बाई.

खर्जप्रेमी
अहो, धागा नेक्रोमँडसचा आहे. इथं बेकरी कधी उघडली?

समुद्रपार
तुमच्या धाग्यावर पहिल्यांदाच कामाचं काहीतरी चाललंय, राहू द्या. तुम्ही दोघं "अमृत" आणि "खून" म्हणून भांडताय. गायक बिल ब्रँच अल्बम बाजारात यायच्या आधीच गेला. त्याला या वादातलं काहीच मिळालं नाही. फ्रँक हॉलनं २०१७ मध्ये नवी माणसं घेऊन परत नेक्रोमँडसच्या नावानं अल्बम केला, तो इथं कुणी ऐकलाय? हात वर करा.

डबा_टेप
...अर्धा ऐकलाय.

खर्जप्रेमी
नाही ऐकला. आणि काल रात्री हेडफोन लावून 'अ ब्लॅक सॉलिट्यूड' ऐकलं, तीनदा. डनरीचं म्हणाल तर बरोबर आहे, गाडीत ते कळत नाही. सॅबथपेक्षा सरस? स्वप्नात. पण "छाया" हा शब्द मागे घेतो. एवढाच, बाकी एक अक्षर नाही.

डबा_टेप
तारीख लिहून ठेवतो. मीही "गळा घोटला" मागे घेतो. "पाठ फिरवली" चालेल?

खर्जप्रेमी
नाही.

मास्टरिंग_माझा_धर्म
तीनदा ऐकलंत ते कुठल्या प्रतीवर?

सातरस्ता
आत्ता खिडकीत धरून पाहिला. मधून उजेड दिसतोय, तपकिरी, चहासारखा. फीतवाली ताई, म्हणजे ॲसिटेट ना? आता पुढं काय करू? डब्याला झाकण नाही, तात्पुरतं वर्तमानपत्र बांधलंय.

फीतवाली
वर्तमानपत्र आधी काढा, ते ओल धरतं. पंख्याखाली नको, उन्हात नको, कोरड्या खोलीत उभा ठेवा. निरोपात पत्ता कळवा, पुढच्या आठवड्यात दादरला येतेय. आणि तो पुणे३० तुमच्या घराजवळ राहत नाही ना, एवढं बघा.